गालिच्याखालची नक्षी

ब्रिटनमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काळातले घर विकत घेणारा आधी छप्पर पाहतो, मग भिंतींची ओल. फरशीची पाळी सगळ्यात शेवटी येते. पुढच्या दारातून जिन्याकडे जाणाऱ्या अरुंद पॅसेजमधला गालिचा उचलला, की खाली भुगा झालेला रबरी फोम निघतो, त्याखाली लायनोलियम, त्याखाली खिळे ठोकून बसवलेला हार्डबोर्ड. आणि तळाशी, काळ्या डांबरी गोंदाचे थर अंगावर घेऊन, तांबड्या, बदामी, काळ्या आणि पांढऱ्या मातीच्या तुकड्यांची नक्षीदार फरशी पडून असते. चौकोन, त्रिकोण, अष्टकोन, कडेने गुंफलेला पट्टा आणि मध्ये एखाद्या लादीवर कमळासारखे उमललेले लिलीचे फूल.

अशा फरश्यांचा इतिहास हा बराचसा झाकण्याचा आणि उघडण्याचा इतिहास आहे. मातीत माती भरून नक्षी काढायची ही कला इंग्लंडात दोनदा बुडाली. दोन्ही वेळा ती परत शिकवली, ती कशाखाली तरी दडून राहिलेल्या जुन्या फरश्यांनीच.

पहिल्या वेळची हकिगत लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीपासून सुरू होते. तिथे चॅप्टर हाऊस नावाचे एक अष्टकोनी दालन आहे. तिसऱ्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १२५० च्या दशकात, त्याची फरशी घातली गेली. ओल्या तांबड्या मातीच्या लादीवर लाकडी ठसा दाबायचा, उमटलेल्या खोलगट जागेत पांढरी माती भरायची, वरून शिशाची झिलई चढवायची आणि लादी भट्टीत भाजायची, अशी ती रीत. झिलईमुळे पांढरी माती पिवळसर दिसे आणि तांबडी अधिक गडद. राजाची राजचिन्हे, वाद्य वाजवणारा माणूस, थेम्स नदीतला मासा, चर्चच्या खिडकीतले गुलाबचक्र असे सगळे त्या लाद्यांवर आहे. मध्ययुगातल्या मठांतून आणि राजवाड्यांतून अशा फरश्या सर्रास असत. आठव्या हेन्रीने १५३० च्या दशकात मठ मोडायला सुरुवात केली, तेव्हा या कारागिरांचे मोठे गिऱ्हाईकच नाहीसे झाले. धंदा आटला आणि काही पिढ्यांत कृतीही विस्मरणात गेली.

चॅप्टर हाऊसचा मात्र सरकारी दप्तरखाना झाला. कागदपत्रांसाठी त्यात फळ्यांची जमीन टाकली गेली आणि तेराव्या शतकातली फरशी शतकानुशतके त्या फळ्यांखाली सुखरूप राहिली. त्यावर ना बूट घासले, ना बादल्या आपटल्या. एकोणिसाव्या शतकात गॉथिक वास्तुकलेचे वेड इंग्लंडभर पसरले आणि जुन्या चर्चांची डागडुजी करणाऱ्यांना जुन्या पद्धतीच्या फरश्या हव्या झाल्या, तेव्हा नमुना म्हणून बघायला हे दालन हाताशी होते. सर गिल्बर्ट स्कॉट यांनी १८६६ ते १८७२ या काळात त्याचा जीर्णोद्धार केला. तिथली फरशी आजही इंग्लंडातल्या सर्वांत उत्तम राखलेल्या मध्ययुगीन फरश्यांपैकी एक आहे.

नमुना सापडला, पण कृती कोण सांगणार? सॅम्युअल राइट नावाच्या कुंभाराने १८३० मध्ये मातीत माती भरण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. स्टोकच्या हर्बर्ट मिंटन यांनी त्या पेटंटमध्ये हिस्सा घेतला. मिंटन घराण्याचा धंदा चिनीमातीच्या उत्तम भांड्यांचा. फरशीच्या लाद्या हा त्यात तोट्याचाच व्यवहार दिसत होता, कारण अडचण मोठी होती. दोन निरनिराळ्या माती वाळताना आणि भाजताना सारख्या आकसत नाहीत. तांबडी एका मापाने आक्रसते, पांढरी दुसऱ्या मापाने. मग नक्षी लादीतून सुटून खाली पडते किंवा तिच्या कडेने भेगा जातात. दोन्ही माती एकाच मापाने आकसतील असे मिश्रण हाती लागेपर्यंत मिंटन यांनी बरीच वर्षे प्रयोग केले.

अखेर जी पद्धत बसली ती अशी. प्लास्टरच्या साच्याच्या तळाशी नक्षी उठावाची. त्यावर आधी बारीक चाळलेल्या रंगीत मातीचा पातळ थर, मग जाड्याभरड्या मातीचा जाड थर आणि पाठीला पुन्हा बारीक मातीचा थर दाबायचा. दोन्ही बाजू सारख्या असल्या की लादी वाकडी होत नाही. लादी साच्यातून काढली, की तोंडावर नक्षीचे खळगे दिसतात. त्यांत दुसऱ्या रंगाची, दाट ताकासारखी कालवलेली माती ओतायची. ओतताना ती काठांवरूनही सांडते, त्यामुळे या अवस्थेत लादी पार बरबटलेली दिसते. थोडी सुकली की कारागीर धारदार पात्याने वरचा थर खरवडतो आणि चिखलाखालून स्वच्छ रेषांची नक्षी वर येते. मग आठवडे न् आठवडे सावकाश वाळवण आणि त्यानंतर भट्टी. नक्षीची खोली साधारण ३ मिलिमीटर भरते. सगळी खुबी त्या ३ मिलिमीटरांत आहे. वरून रंगवलेली लादी झिजली की चित्र पुसते. इथे लादी झिजत जाते आणि चित्र तसेच राहते.

मिंटन यांनी १८४२ मध्ये जुन्या इंग्रजी नमुन्यांचा कॅटलॉग छापला. त्याच सुमारास लंडनच्या टेंपल चर्चमध्ये चॅप्टर हाऊसच्या नमुन्यांवरून केलेल्या त्यांच्या लाद्या बसल्या. वास्तुरचनाकार ए. डब्ल्यू. एन. प्युजिन हे मिंटन यांचे स्नेही. स्टॅफर्डशायरमधल्या चीडल गावातले त्यांचे चर्च १८४६ मध्ये खुले झाले आणि त्याच दशकात वेस्टमिन्स्टरच्या नव्या पार्लमेंटच्या फरश्यांचे काम त्या दोघांनी हाती घेतले. चर्चमध्ये आणि पार्लमेंटात जे आले, ते आपल्या दारात असावे असे व्यापाऱ्यांना, वकिलांना, डॉक्टरांना वाटू लागले तर नवल नाही.

घरोघरी फरशी पोचायची तर ती स्वस्त व्हायला हवी होती. ते काम दुसऱ्या एका पेटंटने केले. रिचर्ड प्रॉसर यांनी १८४० मध्ये जवळजवळ कोरड्या मातीची भुकटी साच्यात दाबून बटणे करण्याची युक्ती नोंदवली. मिंटन यांनी तीच लाद्यांसाठी वापरली. कोरडी भुकटी दाबली की वाळवणीचा वेळ वाचतो, लादी वाकत नाही आणि एका मापाचे शेकडो तुकडे निघतात. यातून साध्या, एकरंगी भौमितिक लाद्या आल्या. ६ इंचांचा चौकोन हा मूळ हिशेब आणि त्याचे अर्धे, पाव, तिरके तुकडे करून सगळी रचना. निळा रंग कोबाल्टमुळे महाग, म्हणून तो ठिपक्यापुरता. मातीत माती भरलेली नक्षीची लादीही महाग, म्हणून साधारण घरात ती मधोमध चार-दोन ठिकाणी आणि बाकी सगळे एकरंगी तुकडे. काटकसर करूनही फरशी श्रीमंत दिसावी, ही रचनेतली खरी हुशारी होती.

विटांवरचा कर १८५० मध्ये रद्द झाला, रेल्वे सगळीकडे पोचली, शहरे फुगली. ठेकेदार रस्तेच्या रस्ते एका साच्याची घरे उभी करू लागले आणि फरशी कॅटलॉगमधून निवडून मागवू लागले. धुता येणारी, धूळ धरून न ठेवणारी जमीन आरोग्याला चांगली, हा विचारही त्या काळात जोरात होता. फाटकापासून दारापर्यंतची वाट आणि दारापासून जिन्यापर्यंतचा पॅसेज, एवढाच भाग नक्षीचा असे. पाहुण्याची नजर पोचते तिथपर्यंत नक्षी. पुढे स्वयंपाकघरात आणि मागच्या धुण्याच्या खोलीत साध्या तांबड्या लाद्या. जी मोलकरीण गुडघे टेकून रोज सकाळी पुढची नक्षी पुसत असे, तिचा बाकीचा दिवस त्या साध्या लाद्यांवर जाई. घराची उतरंड फरशीवर इतकी उघड मांडलेली क्वचितच दिसते, आणि आज नक्षीचे कौतुक करताना ती नजरेआड होऊ नये.

मिंटनना स्पर्धक पुष्कळ निघाले. जॉर्ज आणि आर्थर या मॉ बंधूंनी १८५० मध्ये वूस्टरला सुरुवात केली, दोन वर्षांत ते श्रॉपशायरमध्ये चांगल्या मातीजवळ गेले आणि १८८३ मध्ये सेव्हर्न नदीकाठच्या जॅकफील्ड गावी त्यांनी प्रचंड कारखाना उभारला. थोरले जॉर्ज मॉ वनस्पतिशास्त्रातही मुरलेले होते. केशर ज्या कुळातले, त्या क्रोकस फुलांवरचा त्यांचा सचित्र ग्रंथ १८८६ मध्ये निघाला आणि अभ्यासक तो अजून उघडतात. शेजारीच क्रेव्हन डनिल कंपनीचा कारखाना १८७४ मध्ये सुरू झाला होता. हेरफर्डजवळच्या गॉडविन यांनी आपल्या लाद्या मुद्दाम जुनाट, मध्ययुगीन वळणाच्या ठेवल्या आणि चर्चवाल्यांची पसंती मिळवली.

जहाजांच्या पोटातून या लाद्या मुंबईलाही आल्या. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ कुलाब्याला बांधलेले अफगाण चर्च १८५८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले. त्याच्या भौमितिक फरशीच्या लाद्या इंग्लंडहून आल्या आणि त्यामागे विल्यम बटरफिल्ड या नामांकित वास्तुरचनाकाराचा हात होता. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचा पाया १८६२ मध्ये घातला गेला, ते १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव त्याला आहे. तिथली फरशी मिंटनची. या इमारतीचे जीर्णोद्धाराचे काम संवर्धन वास्तुरचनाकार विकास दिलावरी यांच्याकडे होते. २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. राणीच्या बागेत जाता जाता आत शिरणारी शाळकरी मुले आज त्याच लाद्यांवरून धावतात.

इथे एक खुलासा करायला हवा. गिरगावातल्या, दादरमधल्या किंवा पुण्याच्या पेठांतल्या जुन्या घरांत ज्या रंगीत नक्षीच्या लाद्या दिसतात, त्या बहुतेक सिमेंटच्या. साच्यात रंगीत सिमेंट ओतून, दाब देऊन, पाण्यात मुरवून त्या करतात. भट्टीचा त्यांना स्पर्श नसतो. सिधवा कुटुंबाने १९२२ मध्ये स्वदेशीच्या भावनेने सुरू केलेल्या भारत टाइल्सने ही लादी आपल्याकडे नावारूपाला आणली. दिसायला त्या मिंटनच्या चुलतबहिणी, पण घडणच वेगळी. त्यामुळे एकीचा उपचार दुसरीवर करून चालत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये मातीच्या नक्षीचा बाजार उतरला. मजुरी वाढली, मोलकरणी मिळेनात, नव्या पिढीला व्हिक्टोरियन काळ अंधारा आणि जड वाटू लागला. फ्रेडरिक वॉल्टन यांनी शोधलेले लायनोलियम स्वस्त होते आणि पायाला कमी गार लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर 'आपले घर आपणच सजवा'ची लाट आली. बीबीसीवर बॅरी बकनेल हे लोकांना हातोडा आणि करवत कशी चालवायची ते दाखवत. १९६२ मध्ये लंडनच्या ईलिंग भागातले एक जुने घर त्यांनी पडद्यावर नवेकोरे करून दाखवले. नक्षीच्या दारांवर सपाट हार्डबोर्ड ठोकण्याची फॅशन त्यांच्याशी जोडली गेली. दारांचे जे झाले, तेच देशभर फरश्यांचेही झाले. त्या लोकांना दोष देणे अन्यायाचे होईल. युद्धाने थकलेल्या, थंडीने गारठलेल्या घरांना त्यांनी ऊब आणि उजेड दिला. पण गालिच्याची पट्टी बसवायला लाद्यांत भोके पाडली गेली आणि डांबरी गोंद थेट नक्षीवर ओतला गेला. चॅप्टर हाऊसच्या फळ्यांनी फरशी सांभाळली होती. या झाकणांनी तिला जायबंदी केले.

लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये झाकण्याची चांगली रीत बघायला मिळते. १८५४ मध्ये खुल्या झालेल्या या भव्य सभागृहात मिंटनच्या ३०,००० हून अधिक लाद्या आहेत. १८६० च्या दशकातच त्यांच्यावर काढता-घालता येणारी लाकडी जमीन टाकली गेली. ती अधूनमधून काढतात, तेव्हा खालचे रंग ताजे दिसतात आणि ते पाहायला लोक तिकीट काढून रांगा लावतात.

उलट वॉशिंग्टनचे उदाहरण. अमेरिकी संसदेच्या कॅपिटल इमारतीच्या विस्तारित भागात १८५६ ते १८६१ मध्ये मिंटनच्याच लाद्या बसल्या. विसाव्या शतकात त्या झिजल्या, तेव्हा तशा लाद्या करून देणारे कोणी उरले नव्हते. म्हणून १९२४ पासून प्रतिनिधिगृहाच्या बाजूचे बरेचसे पॅसेज उखडून तिथे संगमरवर घालण्यात आला. सिनेटच्या बाजूला मातीची नक्षी बरीच टिकली. एकाच इमारतीत चालता चालता एक कला कुठे संपली होती, ते पायाखाली कळते.

परतीची वाट स्टोक आणि जॅकफील्डमधूनच निघाली. व्हिक्टोरियन सोसायटी १९५८ मध्ये स्थापन झाली आणि त्या काळाच्या वास्तूंना कैवारी मिळाला. जॅकफील्डचा क्रेव्हन डनिलचा बंद पडलेला कारखाना १९८० च्या दशकात आयर्नब्रिजच्या संग्रहालयाने घेतला आणि तिथे लाद्यांचे संग्रहालय झाले. कॅपिटलसाठी हुबेहूब लाद्या करण्याचे काम १९८६ पासून स्टोकच्या एच. अँड आर. जॉन्सनने केले. ठाण्यातल्या कारखान्यामुळे मराठी घरांत 'जॉन्सन' हे नाव बाथरूमच्या टाइलशी जोडले गेले, त्याच घराण्यातली ही कंपनी. जॅकफील्डमध्येही पुन्हा साच्यात माती भरली जाऊ लागली आणि पार्लमेंटच्या फरशीचे दुरुस्तीकाम आले, तेव्हा झिजलेल्या लाद्यांची जागा घेणाऱ्या नव्या लाद्या तिथेच घडल्या. दोन माती एका मापाने आकसाव्यात म्हणून मिंटन जे झगडले, तेच या कारागिरांनाही नव्याने करावे लागले.

मोठ्या इमारतींना तज्ज्ञ मिळतात. साध्या घराच्या पॅसेजचे काय?

जाणता कारागीर पहिल्या दिवशी काहीच उखडत नाही. तो लाद्यांवर बोटाच्या पेराने ठोकत फिरतो आणि कुठे भरीव, कुठे पोकळ आवाज येतो ते खडूने मांडतो. वर चिकटलेली जुनी प्लॅस्टिकची टाइल किंवा काळा गोंद २००० च्या आधीचा असेल, तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून तो आधी तपासून घेतो. मग जिन्याखालच्या कोपऱ्यात हातभर जागेवर सफाईचा प्रयोग. वाफ, सौम्य साबण, गोंद मऊ करणारा लेप, लाकडी किंवा प्लॅस्टिकची खरवडणी, इतकीच हत्यारे. ॲसिड वर्ज्य. ॲसिडने पहिल्या दिवशी फरशी लखलखते, पण चुना आणि सांधे खाल्ले जातात आणि मातीच्या सूक्ष्म छिद्रांत क्षार शिरतात.

सर्वांत जास्त नुकसान चकाकीच्या हौसेने होते. जुन्या घरांच्या फरशीखाली ओल अडवणारा थर नसतो. चुन्याच्या किंवा राखेच्या कोब्यातून जमिनीची ओल वर येते आणि सांध्यांतून, मातीतून सावकाश उडून जाते. शंभर वर्षे हा व्यवहार सुरळीत चाललेला असतो. वरून प्लॅस्टिकसारखा पारदर्शक थर मारला, की ओल अडकते. ती भिंतींत चढते किंवा थराखाली क्षारांचे स्फटिक धरतात आणि लादीचे तोंडच पापुद्र्यांनी उडवतात. जी लादी बुटांना, बादल्यांना आणि दोन महायुद्धांना पुरून उरली, ती एका वॉर्निशच्या डब्याने दोन-चार पावसाळ्यांत जाते. हे पाहणे क्लेशाचे असते, कारण घरमालकाने ते मायेपोटीच केलेले असते.

तुटलेली लादी काढताना छिन्नी मधोमध लावून कडेकडे यायचे, म्हणजे शेजारणीला धक्का लागत नाही. सुटी झालेली लादी उलटी करून पाहायची; पाठीवर पुष्कळदा कारखान्याचे नाव दाबलेले असते आणि नवी कुठून मागवायची ते तिथेच कळते. मापात मात्र फसगत होते. जुना ६ इंचांचा चौकोन १५२ मिलिमीटरहून किंचित मोठा. बाजारातली नवी लादी १५० मिलिमीटरची घेतली, तर वीस लाद्यांच्या ओळीत जवळजवळ ५ सेंटिमीटरचा फरक पडतो आणि कडेचा पट्टा जुळत नाही. नव्या लाद्या बहुधा पातळही असतात, त्यामुळे त्यांच्याखाली भर घालावी लागते.

दाराच्या उंबऱ्याशी किंवा जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी फरशीला हलकासा खळगा पडलेला असतो. तो बुजवून जमीन सपाट करून द्या, असा आग्रह पुष्कळ जण धरतात. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारती जपणारी संस्था काढली, ती नेमकी या आग्रहाविरुद्ध. जीर्णोद्धाराच्या नावाखाली काळाच्या खुणा खरवडून काढू नका, फक्त डागडुजी करा, असे त्यांचे म्हणणे होते. फरशीच्या बाबतीत ते तंतोतंत पटते. तो खळगा कोणत्याही कारखान्याला करून देता येत नाही.

आता नवी चिंता निराळीच आहे. नक्षीची फरशी घराच्या जाहिरातीत मिरवू लागल्यापासून जुन्या लाद्यांना मोड-भंगाराच्या वखारीत भाव आला आहे. पडायला आलेल्या घरातली फरशी वाचवून दुसरीकडे बसवणे योग्यच. पण मागणी वाढली, की धडधाकट फरशीवरही पहार पडते, आणि सिमेंटात बसलेल्या लाद्या उखडताना बऱ्याच फुटतात. म्हणून चांगले कारागीर वखारीआधी घरातच शोधतात. जिन्याखालचे कपाट, मीटरच्या पेटीखालचा कोपरा, दाराआडची पट्टी इथे त्याच भट्टीच्या, त्याच रंगाच्या, कमी झिजलेल्या लाद्या असतात. त्या अलगद काढून दारासमोरच्या फुटक्या जागी बसवायच्या आणि नवी लादी घालायची ती कपाटात, जिथे तिचा रंग थोडा उजळ असला तरी नजरेला खुपत नाही.